त्या बोटीत होतं काय म्हणे!

काल रात्री मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी मॅजिक किंगडमचा, म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्नी पार्कचा फोटो टाकला. नदीची जागा, म्हणजे जिच्यावर लिबर्टी बेल बोट फिरायची ती नदी होती ती जागा, कुंपण, मातीचे ढीग आणि मशिनं. मी नुसता रडका इमोजी टाकला, एक, जास्त नाही. त्यावर आमच्या ग्रुपवरचे एक सर्वज्ञ काका (कुठल्याही विषयावर शेवटचा मेसेज यांचाच) लिहितात, "बरं झालं. त्या बोटीत होतं काय? ना ड्रॉप, ना स्पीड. कधी लाइन बघितलीस का तिथे? लाइन नाही म्हणजे डिमांड नाही. सिंपल." आणि वर अंगठा. स्वतःच्याच मेसेजला स्वतःचा अंगठा!

सिंपल म्हणे. अहो लाइन नव्हती हीच तर त्या बोटीची खासियत होती! ऑगस्टमधली फ्लोरिडाची दुपार, एक पोर खांद्यावर घामेजून झोपलंय, दुसऱ्याला आत्ताच्या आत्ता शू लागलीय, इंडियाहून आलेल्या सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेत पण त्या "मला काही होत नाही, तुम्ही जा" मोडमध्ये आहेत, आणि तेवढ्यात लिबर्टी बेल शिट्टी वाजवत धक्क्याला लागते. चढा, वरच्या डेकवर जा, वारा खा, खाली खरंखुरं वाफेचं इंजिन धडधडतंय ते पोराला दाखवा, हाँटेड मॅन्शन, तो भुतांचा वाडा, पाण्याच्या बाजूने बघा. पंधरा-वीस मिनिटं कोणी तुम्हाला काही विकत नाही. त्या अख्ख्या पार्कात अशी जागा मला दुसरी दाखवा! आणि नदीतलं ते बेट, टॉम सॉयर आयलंड, तराफ्यातून पलीकडे जायचं, गुहा, किल्ला, तो पिंपांवर तरंगणारा डुगडुगता पूल, पोरांना सोडलं की ती आपली आपण धावायची, कुठलं ॲप नाही, कुठला स्लॉट नाही. पण "डिमांड नाही".

बरं हेच काका, 2022 मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं तेव्हा यांनी याच ग्रुपवर दोन स्क्रीन भरून निबंध लिहिला होता, गोराईला जायची ती फेरीबोट, तो वारा, तो माशांचा वास, "ते दिवस परत येणार नाहीत". आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले की नाही? मग यांची बोट ती आठवण आणि आमची बोट ती अडगळ?

आणि "एक राइड गेली तर काय" हे वाक्य तर मला ऐकवूच नका. राइड नाही गेली, मधली जागाच गेली. पार्काचा लिबर्टी स्क्वेअर हा भाग म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या काळातली गावं, तिथून नदीच्या कडेकडेने चालत गेलं की हळूहळू जुनं वेस्ट, म्हणजे फ्रंटियरलँड लागायचं, खाणी, लाकडी फळ्या, बिग थंडरची रोलरकोस्टर. चालता चालता शंभर वर्षं मागे पडायची आणि कोणी पाटी लावून सांगायचं नाही, ते काम नदी करायची. 1971 मध्ये पार्क उघडलं तेव्हापासूनची नदी, जुलै 2025 मध्ये बंद, आणि त्या जागी काय तर कार्स सिनेमा! डोळे असलेल्या, बोलणाऱ्या गाड्या, हाँटेड मॅन्शनच्या समोर. मुलांना आवडेल ना, म्हणे. मुलांना पिंपांचा पूलसुद्धा आवडायचा, पण पिंपाचं मऊ खेळणं, प्लशी, विकता येत नाही ना.

आता तोंड उघडलंच आहे तर टियानाचंही बोलते, डिस्नीच्या सिनेमातली न्यू ऑर्लिन्सची राजकन्या, याच पार्कात स्प्लॅश माउंटन या पाण्याच्या राइडच्या जागी तिची राइड आणली. स्प्लॅश माउंटन बदलायला हवं होतं, त्यावर माझं भांडण नाही. ज्या 1946 च्या सिनेमावर ती होती तो अमेरिकेत घरी बघायला कंपनीने स्वतः कधी काढला नाही, त्यावरची राइड किती वर्षं रेटणार. टियाना मला आवडते पण. 2020 मध्ये जाहीर केलं तेव्हा मी नाचले होते. पण जून 2024 ला उघडली ती गोष्ट काय, तर मार्डी ग्राची, न्यू ऑर्लिन्सच्या त्या उत्सवाची पार्टी आहे आणि वाजवणारे कमी पडतायत, चला शोधू. बस्स. आधी स्प्लॅशमध्ये वर चढताना ती दोन गिधाडं अशी टोमणे मारायची की पोटात गोळा, गोष्टीतल्या सशाचं आता काय होणार, आणि मग पन्नास फूट खाली. आता तेच पन्नास फूट, पण का पडतोय? क्लॅरिनेटवाला मिळाला म्हणून? सिनेमात एवढा झकास खलनायक होता, त्याला राइडमध्ये बोलावलंच नाही! लग्नाच्या बँडवाल्यांची जमवाजमव आम्ही मंडळात दर गणपतीला फुकट करतो, त्यासाठी तासभर लाइनमध्ये कशाला उभं राहू.

आणि टियानाच्या राइडचं ते लुइझियानाचं बायू, म्हणजे दलदल, कुठे, तर फ्रंटियरलँडमध्ये, बिग थंडरच्या शेजारी. दलदलीत डोंगर कुठून आला विचारलं तर म्हणे मिठाच्या खाणीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये निदान शेजारी न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर आहे, आणि तिथे त्या अख्ख्या भागाचं नाव बदलून बायू कंट्री तरी केलं. आमच्याकडे आपलं दिलं ठोकून.

एपकॉटमध्ये, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या डिस्नी पार्कात, नॉर्वे देशाच्या भागात फ्रोझन सिनेमा घातला तेव्हाच मी म्हटलं होतं, खऱ्या देशात खोटं राज्य, कुठे थांबणार हे. मग कॅलिफोर्नियातल्या टॉवर ऑफ टेररला, त्या लिफ्टच्या राइडला, पाइप लावून गार्डियन्स (मार्व्हलचा सिनेमा) केलं. लाइन टाळायचा फास्टपास फुकट होता तो काढून पैशाचा केला, एअरपोर्टवरून फुकट बस होती ती बंद केली, हो माहितीये याचा रीथीमशी, म्हणजे जुनी राइड नव्या सिनेमाची करण्याशी, संबंध नाही, तरी लिहिणार, माझा मेसेज आहे.

हे सगळं मी रात्री ग्रुपवर टाइप करत होते, आणि नवऱ्याने मागून वाचून शांतपणे विचारलं, "पण ती नदी खोदलेलीच होती ना गं?" हो, खोदलेली. पाणी मुद्दाम रंग घालून गढूळ केलेलं. बोट पाण्याखालच्या रुळावर, कॅप्टन सुकाणू फिरवायचा ते शोभेला. बेटसुद्धा बनवलेलं. म्हणजे एक बाई, वय चाळीसच्या पुढे, एका कंपनीने खणलेल्या खड्ड्यासाठी रात्री साडेअकराला काकांशी भांडतेय आणि सकाळी नऊला ऑफिसची स्टँडअप मीटिंग आहे. पोरं केव्हाच मोठी झाली, मोठा तर आता "आई प्लीज, डिस्नी नको" म्हणतो. डिस्नीचा पास रिन्यू करू नको असं मीच मला बजावलं, आणि केला. गार्डियन्सची एपकॉटमधली राइड भारी आहे हो, काय करू. एपकॉटच्या मूळ कल्पनेशी तिचा काडीचा संबंध नाही हेही माहितीये.

काकांना शेवटी एवढंच लिहिलं की डिस्नीलँडची नदी अजून आहे, तिथली बोट मार्क ट्वेन अजून फिरते, तिथेही स्टार वॉर्ससाठी वरचा तुकडा कापलाच पण नदी ठेवली, म्हणजे ठेवता येते. त्यांनी उत्तर दिलं, "कॅलिफोर्निया फार महाग." आणि अंगठा. डिसेंबरची तिकिटं बघतेय मी आता, चौघांची नको, एकटीचंच.