फुकट सॉफ्टवेअरवाल्याला चार समजुतीच्या गोष्टी

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे आपण इतक्या व्याख्यानमालांमधून ऐकलंय की ते सांगणं हाच आता एक बरा चाललेला धंदा झालाय. तुमचंच घ्या. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये करून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर तुम्ही रात्री जागून लिहिलंत आणि वेबसाइटवर फुकट ठेवलंत. आज डीटीपीवाले, तालुक्याचे वार्ताहर, दिवाळी अंकांचे संपादक, शाळेतले कारकून, सगळे तेच वापरतात. रफार जागच्या जागी बसतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडत नाही, म्हणून लोक तुम्हाला ‘सर’ म्हणतात आणि मेलच्या शेवटी हात जोडल्याचं चित्र पाठवतात. सर्व्हरचं भाडं मात्र तुमच्या पगारातून जातं.

एवढा विश्वास नुसता पडून आहे आणि त्यावर दमडीचं व्याज नाही! घरात कोणी विचारत कसं नाही तुम्हाला?

तेव्हा आधी बाजारभाव ऐका. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर संगणकावर बसवून देणाऱ्या फाइलमध्ये, दुसऱ्याचं सॉफ्टवेअर घुसवायचं आणि ते जितक्या संगणकांवर बसेल तितके पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार. गूगलच्या संशोधकांनी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर २०१६ मध्ये या बाजाराची पाहणी केली. दर इन्स्टॉलमागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत भाव निघाला. असल्या मालाच्या डाउनलोडवर गूगलला आठवड्याला ६ कोटींहून जास्त वेळा धोक्याचा इशारा दाखवावा लागत होता, म्हणजे उलाढाल केवढी ते बघा. चढा भाव अमेरिका-ब्रिटनच्या गिऱ्हाइकाला. आपला माणूस इथेही स्वस्तातच जातो. पण न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका तुमच्याच सॉफ्टवेअरवर तयार होत असेल, तर तिकडे विशेष लक्ष असू द्या.

आता इन्स्टॉलरचे पडदे कसे मांडायचे ते नीट समजून घ्या, सगळी कला त्यातच आहे. पहिल्या पडद्यावर तुमचं नाव, तुमचा लोगो, ‘स्वागत आहे’. खाली उजव्या कोपऱ्यात ‘नेक्स्ट’. दुसऱ्यावर परवान्याचा मजकूर, जो जगात अजून कोणी वाचलेला नाही. पुन्हा त्याच कोपऱ्यात ‘नेक्स्ट’. तिसऱ्यावर फोल्डर कोणता, ते विचारायचं. ‘नेक्स्ट’. एकाच जागी तीनदा बोट चाललं की त्या बोटाला डोक्याची गरज उरत नाही. चौथा पडदा पाहुण्याचा, म्हणजे त्या दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरचा. त्यावर ठळक अक्षरांत ‘एक्स्प्रेस (शिफारस केलेलं)’ आणि त्याखाली, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारख्या राखाडी रंगात, ‘कस्टम (फक्त जाणकारांसाठी)’. होमपेज बदला, सर्च बदला, टूलबार (ब्राउझरच्या माथ्यावर चिकटणारी जाहिरातवाल्याची पट्टी) बसवा या चौकोनांत आधीच टिक करून ठेवा. बिचाऱ्याला कशाला त्रास? शिफारस कोणी केली, कोणाच्या पैशानं केली, हे लिहू नका. रात्री साडेअकराला दिवाळी अंकाचं शेवटचं प्रूफ काढणारा डीटीपीवाला स्वतःला जाणकारांत मोजत नाही, आणि मोजलं तरी त्याला घरी जायचं असतं. तुमचं गिऱ्हाईक ते.

नकाराचं बटण द्यावंच लागलं, तर नुसतं ‘नको’ लिहू नका. ‘नको, माझा संगणक असुरक्षित राहिला तरी चालेल’ असं लिहा. आपला माणूस मूळचा भिडस्त. लग्नाच्या हॉलवर कॅटरिंगवाल्यालाही तो नाही म्हणू शकत नाही. शिवाय ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’ ही बटणं हुबेहूब परवान्याच्या पडद्यासारखी ठेवा, म्हणजे डिक्लाइन केलं तर तुमचं सॉफ्टवेअरच बसणार नाही, असं त्याला वाटेल. तसं तुम्ही कुठंही म्हटलेलं नसतं. त्याला वाटलं, त्याला तुम्ही काय करणार?

कोपऱ्यातल्या लाल फुलीचाही विचार करून ठेवा. २०१६ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० च्या फुकट अपग्रेडची वेळ परस्पर ठरवून टाकली होती आणि तशी सूचना दाखवणारी खिडकी फुली मारून बंद केली तरी ठरलेली वेळ रद्द होत नव्हती. वीस वर्षं ज्या फुलीनं खिडक्या बंद झाल्या, तिचा अर्थ एका फटक्यात ‘बरं, चालेल’ असा झाला.

तरीही हात थरथरत असेल तर थोरामोठ्यांचा आदर्श समोर ठेवा. जावा घ्या, कितीतरी प्रोग्रॅम आणि वेबसाइट चालायला संगणकावर आधी बसवावं लागायचं ते सॉफ्टवेअर. टूलबार बरोबर देण्याची पद्धत ते बनवणाऱ्या सन कंपनीच्या काळापासूनची. ओरॅकलनं २०१० मध्ये सन विकत घेतली आणि घराण्याची रीत पुढे चालवली. २०१३ च्या जानेवारीत जावात इतकं मोठं भगदाड सापडलं की अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानं ब्राउझरमधलं जावा बंदच करा, असा सल्ला दिला. ओरॅकलनं घाईघाईनं दुरुस्ती आणली. आणि त्या दुरुस्तीबरोबर, आधीच टिक केलेला, आस्क या सर्चवाल्या कंपनीचा टूलबार! त्यातली नजाकत वेगळीच. जावा बसून झाल्यावर हा टूलबार लगेच बसत नसे. दहा मिनिटं दबा धरून राही. शंका आलेल्या माणसानं तेवढ्यात कंट्रोल पॅनेल उघडून बघितलं, तर यादीत काही नाही. तो निर्धास्त होऊन चहाला गेला की मग हा हळूच यायचा. भुरटा चोरसुद्धा इतका संयम दाखवत नाही.

आणि नको असेल तर जावा घेऊ नका, असंही म्हणायची सोय नव्हती. त्या काळात ई-निविदा भरायची तर डिजिटल सहीसाठी संगणकावर जावा लागायचंच, प्राप्तिकर विवरणाची एक युटिलिटीही जावावर चालायची. जिल्हा परिषदेच्या गटाराच्या कामाची निविदा भरणाऱ्या ठेकेदाराच्या पंधरा इंची पडद्यावर वरून तीन टूलबार एकाखाली एक उतरलेले असायचे आणि उरलेल्या फटीतून तो अनामत रक्कम वाचायचा. ‘हे काय आहे?’ असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘ते सरकारी साइटचं असेल.’ बघा, तुमच्या पापाचं खापर फोडायला शासन आहेच.

पाहुणा कोणाला करायचं? शक्यतो अँटिव्हायरस. वर्षानुवर्षं, ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघायला लागणारा फ्लॅश प्लेयर डाउनलोड करताना मॅकॅफीच्या सिक्युरिटी स्कॅनची टिक त्या पानावर आधीच असे आणि ती तिथंच काढली नाही तर पुढं कोणी विचारत नसे. ॲव्हास्टचंही तसंच, सीक्लीनरच्या इन्स्टॉलरमधून तो आनंदानं प्रवास करायचा. संगणक साफ करायला गेलेल्या माणसाच्या घरी राखणदार आला म्हणून कोण तक्रार करेल? राखणदार मात्र हौशी निघाला. घरमालक कुठल्या साइटवर जातो, काय बघतो, याच्या नोंदी ॲव्हास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी विकत होती. बोभाटा झाल्यावर २०२० मध्ये ती बंद केली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ॲव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. तुम्ही यात कुठंच नाही. तुम्ही फक्त दार उघडलं होतं.

आणि समजा तुम्ही नाहीच म्हणालात. तुमच्या वतीनं हो म्हणायला दुसरे आहेत. एनमॅप हे नेटवर्क तपासण्याचं साधन लिहिणारे गॉर्डन लायन फार काटेकोर गृहस्थ. २०११ च्या डिसेंबरात त्यांना कळलं की सीनेट (CNET) या तंत्रज्ञानवाल्या कंपनीची डाउनलोड डॉट कॉम ही साइट त्यांचं सॉफ्टवेअर स्वतःच्या वेष्टनात गुंडाळून देतेय. वेष्टनात टूलबार, शिवाय होमपेज आणि सर्चची अदलाबदल. शिव्या कोणाला बसणार? एनमॅपला. गिंप हे चित्रं-फोटो दुरुस्त करायचं फुकट सॉफ्टवेअर. ते बनवणारे तर सोर्सफोर्ज या फुकट सॉफ्टवेअर ठेवायच्या साइटच्या जाहिराती आणि तसलाच इन्स्टॉलर बघून २०१३ मध्ये तिथून बाहेर पडले होते. २०१५ मध्ये सोर्सफोर्जनं विंडोजवरच्या गिंपचं ते खातं बेवारस ठरवून ताब्यात घेतलं आणि जाहिरातींचं गाठोडं बांधून इन्स्टॉलर द्यायला सुरुवात केली. आयत्या बिळावर नागोबा. पुढच्या वर्षी मालक बदलले, तेव्हा ती योजना बंद झाली; तोवर ‘सोर्सफोर्जवरून घेतलं म्हणजे बिनधास्त’ म्हणणाऱ्यांची एक आख्खी पिढी गप्प झाली होती.

उलट उदाहरण म्हणून तुम्ही व्हीएलसीचं नाव घ्याल, मला माहीत आहे. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी सुरू केलेला तो प्लेयर, केशरी शंकूवाला. त्याची धुरा सांभाळणाऱ्या झाँ-बाप्तिस्त केंफ यांनी त्यात जाहिराती आणि टूलबार घालण्यासाठी आलेले कोट्यवधी युरो परत पाठवले. परिणाम काय झाला? लोक अजून डोळे मिटून तो प्लेयर बसवतात, आणि त्या मिटलेल्या डोळ्यांचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. याला नासाडी म्हणतात.

सरकारची भीती बाळगू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ च्या नोव्हेंबरात ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि गिऱ्हाइकाला फसवण्याचे १३ प्रकार व्याख्येसकट दिले. नकार देणाऱ्याला लाजवणं, नको असलेली गोष्ट गळ्यात मारणं, फसवा प्रश्न विचारणं, सगळं आहे त्यात. बाहेर असल्या कोर्सला हजारो रुपये मोजावे लागतात. छापून भिंतीला लावा.

तक्रारी येतील. उत्तर एकच द्यायचं: ‘आम्ही विचारलं होतं, तुम्ही हो म्हणालात.’ ते अक्षरशः खरंही असेल. मग हळूहळू तक्रारी थांबतील, आणि त्याबरोबर लोक अपडेट करणंही थांबवतील, कारण दर अपडेटला काहीतरी नवं बसतं हे त्यांना एकदा कळलेलं असतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं आणि तुम्ही रात्रभर बसून ते बुजवलंत, तरी ‘अपडेट उपलब्ध’ ही पट्टी पाहून डीटीपीवाला शेजाऱ्याला सांगेल, ‘त्याला हात लावू नको रे, परत ते सगळं येतं.’ जुनीच आवृत्ती वर्षानुवर्षं चालू राहील, भोकासकट. तुम्हाला काय फरक पडतो? पैसे पहिल्या इन्स्टॉलचे मिळालेले आहेत.

एक व्यवहाराची सूचना राहिली. बायकोचा लॅपटॉप, वडिलांचा जुना संगणक आणि ज्या मेव्हण्याच्या ऑफिसात तुमचं नाव काढतात तिथली पाच-सात यंत्रं, यांच्यासाठी पाहुण्यांविना एक वेगळा इन्स्टॉलर बनवून पेन ड्राइव्हवर ठेवा. फाइलचं नाव मात्र ‘फायनल’ ठेवू नका. चुकून तीच वेबसाइटवर चढली, तर त्या महिन्याचा हिशेब बोंबलेल.