उलटी फिरतीया

काल संध्याकाळपासून गल्लीत माझं नाव 'उलटी मशीन' पडलंय. दूधवाल्यालाही कळलं. आज सकाळी पिशवी देताना तो उगाचच हसला, आणि तो माणूस दुधाचे दर वाढल्याचं सांगतानासुद्धा हसत नाही.

काका गेल्या वर्षी गेले. चुलतभावांकडे मळा गेला, माझ्याकडे सुतारकामाची मशीन आली. "काकांची खरी आठवण तुझ्याकडं चालली," असं सगळे गहिवरून म्हणाले. ती आठवण टेम्पोत चढवायला पाच हमाल लागले, त्यांत गहिवरलेला एकही नव्हता. ओतीव लोखंडाचं धूड. एका अंगाला रंधा, दुसऱ्या अंगाला गोल करवत, भोकं पाडायची सोय आणि कडेला धारेचा दगड. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू आणि झेंडूची माळ असायची. त्यामुळे डिझेल आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो तेव्हा कुंकू कुठं संपतं आणि गंज कुठं सुरू होतो, तेच कळेना. चार रविवार गेले. बेअरिंगं बदलली, बेल्ट बदलले, रंध्याच्या पाती धारेला दिल्या.

काकांच्या हत्यारपेटीच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वस्तू सापडल्या. एक करवतीवरचं झाकण आणि दुसरी करवतीच्या मागं उभी राहणारी कोयत्यासारखी पट्टी. दोन्हींचा हिरवा रंग कोरा होता. बोल्टची पुडी सुतळीनं बांधलेली, तिची गाठही कुणी सोडलेली नव्हती. तीस वर्षांत झाकणावर एक ओरखडा नाही. काकांना मात्र साडेआठ बोटं होती.

मी पट्टी बसवायला घेतली आणि शेजारचे अण्णा आले. अण्णा रोजच येतात. हातात स्टीलचा पेला, पेल्यात स्वतःच्या घरचा चहा (आमचा त्यांना पांचट लागतो), आणि बूड माझ्या हत्यारांच्या खोक्यावर. त्यामुळे मला पाना हवा असला की आधी अण्णांना उठवावं लागतं, आणि गुडघ्यामुळं ते उठत नाहीत.

"ती पट्टी कशाला रं?"

"फळी चिरत गेली की मागं चीर मिटायला बघते, अण्णा. करवत चिमटीत सापडते आणि फळी उसळून आपल्या पोटावर येते. पट्टीमुळं चीर उघडी राहते."

"तुझ्या काकानं लावली हुती?"

"नाही."

"आली का कंदी फळी पोटावर?"

"त्यांना साडेआठ बोटं होती, अण्णा."

"मग? साडेआठ बोटांत आख्ख्या आळीच्या खिडक्या केल्या त्यानं. तुला धा हायत. तू काय केलंस?"

मी बँकेत होतो. दहा बोटांनी लोकांच्या नोटा मोजल्या. हे सांगण्यात अर्थ नव्हता, कारण अण्णांच्या मते बँकेत काम मशीनच करतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लोकरीचे हातमोजे आणले. "सेफ्टी सेफ्टी करतोयस, तर हे तरी घाल." फिरत्या पात्याजवळ मोजे घालायचे नसतात, धागा अडकला की मागोमाग हातही आत जातो, हे मी समजावून सांगितलं. अण्णा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "झाकान पायजे, पट्टी पायजे, मोजं नकोत. तुझं तुला तरी कळतंय का?" आणि मोजे माझ्याच खोक्यावर अंथरून त्यावर बसले.

काकांचं दीड बोट करवतीनं घेतलंच नव्हतं. ते रंध्यानं घेतलं, लोडशेडिंगच्या काळात. चालू कामात लाइट गेली. रंध्यात ढलपी अडकली होती. खटका तसाच चालू ठेवून काकांनी ती काढायला हात घातला, आणि लाइट आली. घरच्यांनी मशीनला नजर लागली म्हणून नारळ फोडले, कोंबडं दिलं, वर जेवणावळ घातली. तेवढ्या खर्चात चांगला स्टार्टर आला असता. हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीही नाही.

म्हणून मी स्टार्टर आणायला गेलो. नो-व्होल्ट कॉइलचा, लाइट गेली की तो सुटतो आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. दुकानदारानं विचारलं, "विहिरीवर का?" म्हटलं, रंध्याला. "मग ह्याला ऑटो जोडून देतो की! लाइट आली की आपोआप चालू. रात्री उठायचं काम नाही."

रात्री दोन वाजता रंधा आपोआप चालू व्हावा अशी माझी काय गरज असेल, हे त्याला विचारावंसं वाटलं. पण त्याचंही बरोबरच. त्याच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला, लाइटीला पहाटे उसाची आठवण येते तेव्हा अंथरुणात राहायचं असतं. ऑटो न लावलेला स्टार्टर मागणारा मी त्याच्या दुकानात पहिलाच. त्यानं तो फडताळाच्या मागून धूळ झटकत काढला आणि किंमत एका पैशानं कमी केली नाही.

काल मुहूर्त. बायकोनं नारळ ठेवला, पोरं जमली, अण्णा खोक्यावर. बटण दाबलं तर मोटर नुसतीच गुणगुणली, फिरेना. वायरमन आला, "कंडेन्सर गेलाय," म्हणाला, नवा टाकून वायरी जोडल्या. परत बटण. करवत सणसणत सुटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते भुशामुळं नाही, कारण भुसा अजून झालाच नव्हता.

"आरं, उलटी फिरतीया."

"तसंच असतं, अण्णा," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"दात तुझ्याकडनं वर चाल्ल्यात. खाली टेबलाकडं याय पायजेत."

मी लाल बटण दाबलं. करवत मंदावत गेली तसे दात एकेक करून दिसायला लागले. माझ्या बाजूनं वर चढत होते.

महिनाभरात अण्णा शंभर गोष्टी बोलले, त्यांतल्या नव्व्याण्णव चुकीच्या. आणि ही एक बरोबर निघाली, तीही आख्ख्या आळीसमोर. वायरमननं दोन वायरींची अदलाबदल केली, पाच मिनिटांत, आणि त्याचे दोनशे रुपये वेगळे लावले. वायरी त्यानंच चुकीच्या जोडल्या होत्या, पण 'उलटी मशीन' हे नाव मात्र मला.

आज सकाळी फाटकाशी अण्णा. एका हातात पेला, दुसऱ्या हातात घरची विळी.

"जरा धार लावून दे. पर आदी चालू करून दाव, कुनीकडं फिरतीया ती."