वार एक की दोन? आधी हे विचारा

परवा रात्री साडेदहाला माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती बडोद्याच्या कारेलीबागेत राहते. "ताई, दोन आहेत गं!" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. नववा आठवडा, पहिलीच सोनोग्राफी. मी तिला रडू दिलं आणि मग विचारलं, "वार एक आहे की दोन?" तिला कळेचना मी काय विचारतेय ते. रिपोर्टचा फोटो मागवला. दोन गर्भ, दोघांचे ठोके, आठवडे, अंदाजे तारीख, सगळं होतं. वारेबद्दल, म्हणजे प्लासेंटाबद्दल, अवाक्षर नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या जुळ्यांच्या रिपोर्टमध्येही नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

जुळी म्हटलं की घरातले विचारतात, सारखी दिसणार का? तपासणीसाठी खरा प्रश्न तो नाहीच. दोघांना पोसणारी वार एक आहे की दोन, यावर पुढच्या सगळ्या महिन्यांचं वेळापत्रक ठरतं. वार दोन असतील तर प्रत्येक बाळाचा शिधा वेगळा. साधारण विसाव्या आठवड्यानंतर दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते आणि सगळं ठीक असेल तर ३७ आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. वार एकच असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा शंभर गरोदरपणांत दहा-पंधरा ठिकाणी एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागतं. देणाऱ्याभोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याभोवती साचतं, आणि सुरुवातीला आईला काहीही जाणवत नाही. म्हणून एका वारेच्या बायकांना सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची असते. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात. हे मोजक्याच ठिकाणी होतं, म्हणून लवकर कळणं सगळ्यात महत्त्वाचं. आणि वार एक, पाण्याची पिशवीही एक, असं फार क्वचित असतं. त्यांची देखरेख याहून कडक, ३२ ते ३४ आठवड्यांत सिझर.

हे सगळं ओळखायची सगळ्यात चांगली वेळ चौदा आठवड्यांच्या आत. पुढे दोन वार एकमेकींना चिकटून एकच असल्यासारख्या दिसतात, मधला पडदा पातळ होतो, आणि नक्की सांगणं अवघड होत जातं. बाळांचं लिंग वेगळं दिसलं तर वार वेगळी हे उघड आहे, पण आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगायला किंवा लिहायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणजे कागदावर येण्याजोगा पुरावा सुरुवातीच्या सोनोग्राफीचाच.

माझी बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी एका सेंटरमध्ये झाली. त्याच कायद्याचा एफ फॉर्म भरला, सह्या केल्या, आत गेले. तिथली बाई आनंदाने म्हणाली, "बे छे, बेन!" आम्ही तरंगतच बाहेर आलो. दांडिया बाजारातल्या घरी सासूबाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली. रिपोर्ट फाइलमध्ये गेला. कुणी काही विचारलं नाही, कारण काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं.

एकोणिसाव्या आठवड्यात मी डॉक्टर बदलल्या. नव्या मॅडमनी फाइल उघडली आणि विचारलं, "वार किती?" मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. त्यांनी स्वतः अर्धा तास मशीन फिरवलं. त्या दिवशी नक्की काही सांगता येईना. म्हणाल्या, "खात्री नसेल तर एकच आहे असं धरून चालायचं. पण जुने फोटो असले तर आणा."

फोटो फाइलमध्ये नव्हते. घरभर शोधले. शेवटी सासूबाई देवघराकडे गेल्या, देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि पंचांगाच्या मधून ती चकचकीत कागदाची पट्टी काढली. नातवंडांचा पहिला फोटो म्हणून त्यांनी जपून ठेवला होता. एका कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. तो कागद असा असतो की दिवसांगणिक पुसट होत जातो. वरचा भाग करडा पडला होता, पण मधलं चित्र शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती पट्टी दिव्यासमोर धरली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं, "हा पडदा बघा. वारेला येऊन मिळतोय तिथे सरळ, इंग्रजी टी सारखा दिसतोय. दोन वार असत्या तर इथे जाडसर त्रिकोण दिसला असता." वार एक होती. सोळावा आणि अठरावा आठवडा बघण्याविना गेला होता. दोन्हीकडचं पाणी ठीक निघालं हे आमचं नशीब. मला ते नशीब म्हणावं लागतं याचाच राग आजही आहे. एक ओळ लिहायची होती त्यांनी.

तिथून दर पंधरा दिवसांची वारी सुरू झाली. एकाच बाळाच्या सोनोग्राफीची सवय असलेल्यांना वाटतं, दहा मिनिटांचं काम. जुळ्यांना पाऊण तास सहज लागतो. आधी "खालचं बाळ, वरचं बाळ" ठरवतात आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमाने मोजतात, नाहीतर कुणाचं वजन वाढलं आणि कुणाचं अडलं हे कळणारच नाही. मग दोघांचं डोकं, पोट, मांडीचं हाड, नाळेतला रक्तप्रवाह, आणि पाण्याची खोली. ती दोन सेंटिमीटरच्या खाली गेली की काळजी, आठच्या वर गेली तरी काळजी. दोघांचं मूत्राशय भरलेलं दिसतंय ना, हेही बघतात. उताणं पडून चक्कर आली तर लाजू नका, सांगा आणि डाव्या कुशीवर वळा. मी पहिल्यांदा सांगितलं नाही आणि घामाघूम झाले.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. ही तपासणी खालून असते, कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतेय. दुखत नाही. २५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर लवकर कळा येण्याचा धोका जास्त, मग डॉक्टर पुढचं ठरवतात.

बाकी बीपी आणि लघवी प्रत्येक वेळी. जुळ्यांत बीपी वाढण्याचा धोका जास्त असतो म्हणून मला तेराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन होती. ती स्वतःच्या मनाने सुरू करू नका, पण डॉक्टरांना विचारा जरूर. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांचा डोस वाढतो. साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास बसायचं. रक्तातली साखर १४० किंवा वर आली तर आहार बदलावा लागतो. ते पाणी गिळवत नाही. माझ्या बाकाशेजारून जाणारी सिस्टर दर वेळी म्हणायची, "उलटी थाय तो कहेजो."

आता नातेवाइकांबद्दल. "दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी? पैसे काढायचे धंदे," हे मी चुलतसासऱ्यांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण अठ्ठाविसाव्या आठवड्यात माझ्या बाळांची वजनं ११५० आणि ९८० ग्रॅम होती आणि बत्तिसाव्यात १८०० आणि १४५०. हा वाढत जाणारा फरक पोटावर हात ठेवून कुणालाही कळला नसता. मशीनवर कळला, म्हणून मॅडमनी पुढे दर आठवड्याला नाळेचा प्रवाह बघितला. खर्च परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. ममता कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, घेऊन जा आणि जुळी आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. आपलं सयाजीराव हॉस्पिटलही आहे. फक्त तपासणी टाळू नका.

डोहाळजेवण सातव्यातच करायचं असं सासूबाईंचं म्हणणं होतं. मी हट्टाने सहाव्या महिन्यात करायला लावलं. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आधीच येतात, हे मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः वाडीची फुलं आणली. त्याच भेटीत आम्ही विचारून घेतलं होतं की नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का, फुप्फुसं पिकायची इंजेक्शनं कधी देतात, रात्री कळा आल्या तर कुणाला फोन करायचा. हे प्रश्न सहाव्या महिन्यातच विचारा. बॅग तिसाव्या आठवड्यात भरून ठेवली होती.

माझी बाळं छत्तिसाव्या आठवड्यात झाली. मोठीचं वजन दोन किलो चारशे, धाकटीचं एक किलो नऊशे. धाकटी चार दिवस काचेच्या पेटीत होती. आज ती ताईला कमाटी बागेत पळून दमवते.

मामेबहिणीने काल सेंटरला फोन करून विचारलं. "एनटीच्या वेळी बघू," असं उत्तर मिळालं. तीन आठवड्यांनी गुरुवारी तिची एनटी, म्हणजे बाराव्या आठवड्याच्या सुमाराची सोनोग्राफी, आहे. मी सोबत जाणार आहे, आणि वारेची ओळ रिपोर्टवर लिहून झाल्याशिवाय आम्ही दोघी तिथून उठणार नाही.