मावशीचा नायटा आणि फोनमधला फोटो

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात अशोक चौकापलीकडे राहणाऱ्या माझ्या मावशीने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कमरेवर काहीतरी उठलंय, एवढंच कळत होतं. घरातला पिवळा दिवा, हललेला हात आणि कातडी गुळगुळीत करून दाखवणारी फोनची सोय चालूच. नायट्याच्या कडेला बारीक खवले निघतात, गोल रेघ दिसते. ओळखायची मुख्य खूण तीच. ती फोनने पुसून टाकली होती.

मावशी विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर. ज्या दिवशी सूप मांडीवर आलं नाही, त्या दिवशीचे पैसे गेले. म्हणून गल्लीतले सगळे करतात तेच तिनेही केलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन खाजेची ट्यूब मागितली. आठवडाभर बरं वाटलं, मग चट्टा मांडीपर्यंत उतरला.

अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. स्टिरॉइडने खाज आणि सूज दबते, माणसाला वाटतं गुण आला. पण त्याच वेळी कातडीची स्वतःची लढायची ताकदही दबते आणि बुरशी खाली निवांत पसरते. नायट्याचा गोल आकार मोडतो, पुढे पाहणारा डॉक्टरही चकतो. 2018 मध्ये सरकारने लावायची अनेक स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या यादीत घातली. मावशीकडे चिठ्ठी कोणी मागितली नाही.

हे मी आमच्या शाळेच्या ग्रुपवर लिहिलं आणि वाद पेटला. बार्शीत दवाखाना चालवणारा मित्र म्हणाला, कातडीला हात लावल्याशिवाय निदान करूच नये. पुण्यात आयटीत असलेला दुसरा म्हणाला, करमाळ्याच्या नाहीतर सांगोल्याच्या माणसाने एसटीने दिवस घालवून सोलापूर का गाठावं? फोन आहे, व्हिडिओ कॉल लावावा. दोघांचंही मला पटतं. पण मावशीच्या वाटेवर पहिला माणूस भेटला तो मेडिकलच्या काउंटरवर, आणि त्याचा उल्लेख दोघांनीही केला नाही.

मी अकरा वर्षं इंग्लंडात, लेस्टरला राहतो. इथल्या सरकारी सेवेत त्वचेच्या डॉक्टरकडे थेट जाता येत नाही. आधी आपल्या भागातला जीपी, म्हणजे नेहमीचा साधा डॉक्टर, त्याला वाटलं तर पुढची चिठ्ठी, मग रांग. चिठ्ठीपासून उपचारापर्यंत 18 आठवड्यांचं उद्दिष्ट ठरलेलं आहे. माझ्या मुलाच्या इसबाला त्याहून जास्त लागले. त्या काळात रात्री त्याचे हात धरून बसलोय, म्हणून सांगतो: सोलापुरात सकाळी सिव्हिलला केसपेपर काढून त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरपुढे उभं राहता येतं, ही फार मोठी गोष्ट आहे. फोनच्या नादात ती ओपीडी कोणी दुबळी करू नये.

पण इथलीच दुसरी गोष्ट. माझ्या पाठीवरचा एक तीळ वाढलाय असं बायकोला वाटलं. जीपीने दोन फोटो काढले, एक लांबून, एक कातडीला टेकवायच्या भिंगातून. बाजूला मोजपट्टी धरली, तीळ कधीपासून आहे, रक्त येतं का, विचारून लिहून घेतलं आणि सगळं तज्ज्ञाकडे पाठवलं. दहाव्या दिवशी पत्र आलं, काळजीचं कारण नाही. तज्ज्ञाने मला पाहिलंही नाही, तरी माझं समाधान झालं, कारण फोटो काढणाऱ्याला काय पाहायचं ते माहीत होतं.

ही रीत आपल्याकडेही आहे. ई-संजीवनी ही लांबून डॉक्टरचा सल्ला देणारी सरकारी सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली ती अशीच: रुग्ण गावातल्या आरोग्य केंद्रात, शेजारी आरोग्य अधिकारी, पडद्यावर लांबचा डॉक्टर. घरबसल्या थेट डॉक्टर गाठायची सोय एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत आली. बोलणं सगळं या दुसऱ्या रीतीबद्दल होतं. कातडीच्या आजाराला पहिलीच जास्त उपयोगाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

कुष्ठरोगाचंच घ्या. दंडावर फिकट चट्टा. फोटोत तो कोडासारखा दिसेल, शिब्यासारखा दिसेल. पण कापसाचा बोळा फिरवून ‘कळतंय का?’ असं विचारावं लागतं, कोपरामागची शीर जाड झालीय का ते बोटांनी चाचपावं लागतं. वेळेत कळलं तर सहा महिने किंवा वर्षभराच्या फुकट गोळ्यांनी माणूस बरा होतो. राहून गेलं तर बोटं वाकडी होतात. कॅमेऱ्याला हे चाचपता येत नाही. केंद्रातल्या शिकवलेल्या माणसाला येतं, आणि लांबचा डॉक्टर ‘जरा इथे हात लावून सांगा’ असं त्याला म्हणू शकतो.

मावशीला शेवटी मी हट्टाने सिव्हिलला पाठवलं. ‘हजेरी बुडतीय रे,’ म्हणत गेली. डॉक्टरांनी चट्ट्याची कड खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली. मग विचारलं, घरात आणखी कोणाला खाज आहे? मुलाला होती, सुनेलाही होती. एका टॉवेलने तिघं अंग पुसत होते. तिघांनाही औषध सुरू झालं, कित्येक आठवड्यांचं.

पहिली भेट समोरासमोर झाली ते बरंच झालं. पुढच्या चार फेऱ्यांतल्या तीन मात्र फोटोवर भागल्या असत्या, तिची तीन दिवसांची मजुरी वाचली असती. मी तिला शिकवलंय: सकाळी उंबऱ्यापाशी, उजेडाकडे तोंड करून, चट्ट्याशेजारी नातवाची फूटपट्टी धरायची. आता फोटो लख्ख येतात. ते डॉक्टरांपर्यंत पोचवायची वाट तिला कोणी सांगितलेली नाही, म्हणून ती मलाच पाठवते. मी ते मोठे करून पाहत बसतो, आणि ते पाहून काही सांगावं असं शिक्षण माझ्यापाशी नाही.