नव्या डर्ट बाइकची चेन ओढून घेऊ नका : एका फिरत्या संदेशातील सात मुद्द्यांना उत्तर

गेल्या आठवड्यात नाशिकहून भाच्याचा फोन आला. दोन वर्षे पैसे साठवून त्याने २५० सीसीची नवी मोटोक्रॉस बाइक, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यत करायची डर्ट बाइक घेतली आहे. दुसऱ्याच रविवारी ट्रॅकवर तिच्या पुढच्या स्प्रॉकेटमागून, म्हणजे चेन ओढणाऱ्या इंजिनाजवळच्या दातेरी चाकामागून तेल पाझरू लागले आणि चढावर क्लच घसरू लागला. "मामा, मी सगळं वाचूनच केलं होतं," असे तो काकुळतीने सांगत होता. काय वाचले ते पाठव म्हटल्यावर त्याने जो संदेश पाठवला, तो याआधी तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आलेला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचता पुसून टाकला होता. तेव्हाच वाचून उत्तर दिले असते तर या मुलाचे नुकसान टळले असते, म्हणून आता तरी लिहितो आहे.

नवी डर्ट बाइक घेणाऱ्यांपासून कंपन्या सात गोष्टी लपवतात, असा या संदेशाचा दावा आहे. त्या सात गोष्टी अशा : पहिल्या मिनिटापासून इंजिन पूर्ण रेसवर चालवा, कारचे महागडे सिंथेटिक ऑइल घाला, चेन जराही हलणार नाही इतकी ओढून घ्या, मागच्या शॉकअपची स्प्रिंग शेवटपर्यंत आवळा, चाकांच्या तारा हातात जोर असेल तितक्या घट्ट करा, एअर फिल्टरला तेल लावू नका, आणि टायरमध्ये सरसकट १० पीएसआय हवा ठेवा. मी या क्रमाने जाणार नाही, कारण सातांपैकी तिसरा मुद्दा सर्वांत घातक आहे आणि भाच्याच्या बाइकमधून तेल गळण्यामागे तोच आहे.

चेन ताणून ठेवण्याची सवय आपल्याला रस्त्यावरच्या बाइकमुळे लागलेली आहे. तिथे मागचे चाक थोडेच वरखाली होते, त्यामुळे चेनला दोन-तीन सेंटिमीटर ढील पुरते आणि त्याहून जास्त ढील असेल तर गॅरेजवाला लगेच पाना काढतो. मोटोक्रॉस बाइकच्या मागच्या चाकाला मात्र सुमारे ३०० मिलिमीटर हालचाल दिलेली असते. पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट, मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला चिमटा म्हणतात त्याचा पिव्होट (तो ज्या बिंदूवर वरखाली फिरतो तो) आणि मागच्या चाकाचा ॲक्सल ही तीन केंद्रे बाइक स्टँडवर असताना एका रेषेत नसतात. चाक लोंबकळत असते आणि चिमटा खाली झुकलेला असतो. उडीनंतर बाइक जमिनीवर आदळते तेव्हा चिमटा वर येतो आणि एका क्षणी ही तिन्ही केंद्रे एका रेषेत येतात. त्या क्षणी स्प्रॉकेट आणि ॲक्सल यांच्यातील अंतर सर्वाधिक असते, आणि चेनला तेवढी लांबी कुठून तरी मिळावी लागते.

आकडेच हवे असतील तर वही-पेन घेऊन मांडून पाहता येईल. उदाहरणादाखल स्प्रॉकेटपासून पिव्होट ७५ मिलिमीटर, पिव्होटपासून ॲक्सल ५८० मिलिमीटर आणि चाक लोंबकळताना या दोन रेषांमधला बाक २५ अंश धरला, तर स्प्रॉकेट ते ॲक्सल हे अंतर सुमारे ६४९ मिलिमीटर येते. तिन्ही केंद्रे एका रेषेत आल्यावर तेच अंतर ६५५ होते. सहा मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटेल, पण केंद्रांमधले अंतर एवढ्याने कमी झाले की चेन मधोमध काही सेंटिमीटर वरखाली होऊ लागते. स्टँडवरच्या बाइकची चेन आपल्याला सैल दिसते ती यामुळे, आणि तो सैलपणा हिशेब करून ठेवलेला असतो. तो काढून घेतला तर शॉकअप दबायच्या आधीच चेन ताठ होते आणि बाइक व स्वार यांचे सगळे वजन पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टवर येते. तिथले बेअरिंग खराब होते, त्यालगतच्या ऑइल सीलमधून तेल पाझरते, आणि दुर्दैवाने चेन तुटून स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनाचे आवरणच फुटू शकते. सील बदलणे स्वस्त आहे. आवरण फुटले तर संपूर्ण इंजिन खोलावे लागते.

माझे म्हणणे पटत नसेल तर केटीएमच्या मोटोक्रॉस आणि एंड्युरो बाइकची मॅन्युअल उघडून पाहावीत. अनेक वर्षांच्या मॉडेलांसाठी त्यांत एकच आकडा दिलेला आहे : बाइक स्टँडवर असताना चिमट्यावरच्या घासपट्टीच्या शेवटी वरची चेन उचलली की चिमट्यापासून तिचे अंतर ५५ ते ५८ मिलिमीटर भरले पाहिजे. इतर कंपन्यांचे आकडे आणि मोजण्याची जागा वेगळी असू शकते, म्हणून आपल्या बाइकचे मॅन्युअल पाहणे भाग आहे. मॅन्युअल हाताशी नसेल तर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून चाक हाताने वर उचलावे, तिन्ही केंद्रे एका रेषेत आणावीत आणि त्या स्थितीत चेनला थोडी ढील उरेल अशी ती बसवावी. मग शॉकअप जोडून स्टँडवर जी ढील दिसेल ती मोजून लिहून ठेवावी. या कामाला अर्धा तास लागतो आणि ते एकदाच करावे लागते. नवी चेन पहिल्या काही तासांत किंचित लांबते, म्हणून या दिवसांत ती वारंवार तपासावी हे खरे आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी अर्धवट ऐकले असावे. परंतु तपासणे आणि ओढून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भाच्याचा क्लच घसरतो आहे तो दुसऱ्या मुद्द्यामुळे. कारमध्ये क्लच इंजिन ऑइलपासून वेगळा, कोरडा असतो. बहुतेक फोर-स्ट्रोक बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. कारच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या तेलांत घर्षण कमी करणारी रसायने घातलेली असतात. ती इंजिनासाठी चांगली आहेत, पण क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरून राहतात त्या घर्षणामुळेच. यासाठी जपानमध्ये जासो टी ९०३ हे मानक केलेले आहे. त्यात तेलाचे क्लचमधील घर्षण प्रत्यक्ष मोजतात आणि ओल्या क्लचसाठी योग्य तेलाला एमए, एमए१ किंवा एमए२ असा दर्जा देतात. एमबी दर्जाचे तेल कमी घर्षणाचे, म्हणजे कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असते. डब्यामागे हा दर्जा छापलेला असतो आणि तो वाचायला दहा सेकंद पुरतात. एवढे मात्र मान्य करावे लागेल की सिंथेटिक असणे हा तेलाचा दोष नाही, आणि डिझेल इंजिनाच्या काही जाड तेलांवरही एमए छापलेले आढळते. अशी तेले चालतात. संदेशात सुचवलेले ०-डब्ल्यू-२०, म्हणजे कारचे पातळ तेल, चालत नाही.

याच संदेशात पुढे म्हटले आहे की महाग ऑइल एकदा घातले की वर्षभर बघायला नको. या बाइकमध्ये तेल असते जेमतेम लिटरभर, आणि नव्या इंजिनातून व गिअरमधून सुटलेला धातूचा बारीक कीस पहिल्या तासातच त्यात उतरतो. वर उल्लेख केलेल्या केटीएमच्या मॅन्युअलमध्ये पहिली सर्व्हिस एका तासाने सांगितली आहे. किलोमीटरची नव्हे, इंजिन चालल्याच्या तासांची नोंद ठेवायची असते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आता पहिला मुद्दा, ज्यात काही तथ्य आहे आणि म्हणूनच लोक फसतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसाव्यात यासाठी इंजिनावर भार यावा लागतो, कारण जळणाऱ्या वायूचा दाबच रिंगांना मागून भिंतीवर दाबून धरतो. त्यामुळे नवे इंजिन तासभर नुसते गुरगुरत ठेवणे किंवा अगदी दबकत चालवणे हितावह नाही, हे मी मान्य करतो. पण भार देणे म्हणजे थंड इंजिनाची रेस शेवटपर्यंत पिळणे नव्हे. थंड इंजिनात पिस्टन सिलिंडरच्या आधी तापतो आणि आधी फुगतो. त्या अवस्थेत पूर्ण रेस दिली तर पिस्टनच्या कडा भिंतीला घासतात आणि इंजिन जाम होऊ शकते. इंजिन आधी पूर्ण तापू द्यावे, नंतर दहा-पंधरा मिनिटे रेस कमी-जास्त करत, प्रत्येक गिअर वापरत, अर्ध्या रेसपर्यंत चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, बोल्ट तपासावेत आणि पुन्हा थोड्या अधिक जोराने चालवावे. दोन-तीन वेळा असे केले की काम होते. यात कंपनीला सर्व्हिस विकायची आहे असा आरोप करण्यासारखे काहीही नाही, कारण हे सगळे आपण आपल्या अंगणात करू शकतो.

शॉकअपची स्प्रिंग आवळल्याने ती कडक होत नाही, फक्त बाइकची मागची बाजू उंच होते आणि वळणावर पुढचे चाक अस्थिर होते. पूर्ण पोशाखात बसल्यावर मागची बाजू किती खचते ते मोजावे. ३०० मिलिमीटर हालचालीच्या बाइकसाठी ते १०० ते १०५ मिलिमीटर असावे. तुम्ही उतरल्यावर बाइक स्वतःच्या वजनाने ३० ते ४० मिलिमीटर खचली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नसतील तर स्प्रिंग तुमच्या वजनाची नाही, ती बदलावी.

तारा पहिल्या अर्ध्या तासानंतर तपासाव्यात हे बरोबर आहे, पण सैल लागेल ती एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. सगळ्या ताकदीने आवळलेले चाक वाकडे होते. फिल्टरबाबतचा मुद्दा तर चीड आणणारा आहे. फोमच्या फिल्टरमध्ये धूळ अडकते ती चिकट तेलामुळेच, आणि उन्हाळ्यात सह्याद्रीच्या पठारावरची तांबडी धूळ कोरड्या फोममधून थेट सिलिंडरमध्ये जाते. नव्या बाइकचा फिल्टर तर पहिल्या फेरीआधीच काढून पाहावा, कारण त्यावर तेल पुरेसे असेलच असे नाही.

हवा कमी ठेवली तर पकड वाढते, ही गोष्ट खरी. मऊ मातीच्या ट्रॅकवर १२ ते १४ पीएसआय बहुतेकांना मानवते. मात्र रिम लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट दाबून धरणारी पकड, नसेल तर १० पीएसआयवर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वाल्व्ह मुळापासून फाटतो, तर दगडांवर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते.

भाच्याच्या बाइकची चेन काल सैल केली. सील नवे बसवले आणि आतील बेअरिंग हाताने फिरवून पाहिले, ते सुदैवाने वाचले आहे. एमए२ दर्जाचे ऑइल घातले आहे, पण प्लेटांत मुरलेले जुने तेल एका बदलात निघत नाही, म्हणून येत्या रविवारी वीस मिनिटे चालवून ते पुन्हा बदलणार आहोत. त्यानंतरही क्लच घसरला तर प्लेटा बदलाव्या लागतील.