मंगोलियाचा प्रतिनिधी, मुक्काम देवगड

आईनं वाडीत सांगून टाकलं, "झील ग्लोबल पॉलिसी करता." तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकी अंगणात हजर. "मनीबॅक आसा काय रे?"

म्हटलं, काकी, विम्याची नव्हे, ही एमएची पदवी. जागतिक धोरण. विद्यापीठ युरोपातलं, शिकायचं घरबसल्या. काकींनी हप्ता विचारला. मी फीचा आकडा सांगितला. "आणि मेल्यार काय गावता?" काही नाही म्हटल्यावर त्या पदर खोचून निघून गेल्या. असली पॉलिसी घेणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी मच्छीमार सोसायटीत कारकून. होड्यांना डिझेल द्यायचं, लिटर वहीत मांडायचे आणि त्या डिझेलवरचा व्हॅट मच्छीमारांना परत मिळावा म्हणून प्रस्ताव वर पाठवायचे. याला परतावा म्हणतात. तो येतो. कधी येतो, ते विचारायचं नसतं. पण सगळे विचारतात आणि मलाच विचारतात. माझ्या वहीला सुक्या बोंबलाचा वास आहे. लॅपटॉपच्या एका बटणाखाली बांगड्याचं खवल अडकलंय. टाचणीनं काढायला गेलो तर आणखी आत सरकलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक निबंधात 'स' दोनदा पडतो. 'सुरक्षा परिषद' लिहायला घेतली की 'स्ससुरक्षा' होते, आणि तेवढ्यानंच ती जास्त सुरक्षित वाटायला लागते.

तास तिथल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आमच्याकडे रात्री साडेनऊला. ऑक्टोबर संपता संपता युरोपवाले घड्याळं तासभर मागे घेतात, मग साडेदहा. हे आईला समजावून सांगणं कुठल्याही परीक्षेपेक्षा कठीण. "घड्याळ मागे केल्यानी म्हणान काळोख थांबता काय?" तिनं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्या अभ्यासक्रमात नाही.

रेंज फक्त माडीवरच्या पश्चिमेकडच्या खिडकीत. तिथून दर्या दिसतो. एका रात्री मॅडम बेकायदा, न नोंदवलेल्या आणि अनियंत्रित मासेमारीबद्दल शिकवत होत्या. पडद्यावर उपग्रहाचे नकाशे, ठिपके, बाण. आणि खिडकीबाहेर, आडव्या रेषेवर, पांढरे फक्क दिवे. एलईडी लावून मासे गोळा करायला २०१७ सालापासून बंदी आहे. तेवढ्यात आमची लाईट गेली. त्या बंदी असलेल्या उजेडात मी टिपणं काढली असं म्हटलं तर खोटं ठरेल. पण पेन कुठं पडलंय ते मात्र दिसलं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने नुसतं वाचन करू, असा माझा बेत होता. पण बंदीत होड्या वर येतात आणि होड्यांबरोबर त्यांचे मालकही सोसायटीत येऊन बसतात. राहिलेलं वाचन पावसानं राउटरसकट नेलं.

खरी परीक्षा झाली ती वर्गातल्या लुटुपुटूच्या वाटाघाटींची. जागतिक व्यापार संघटनेनं १७ जून २०२२ ला जिनिव्हात मत्स्य अनुदानाचा करार संमत केला. बेकायदा मासेमारीला आणि आधीच उपसून संपत आलेल्या मासळीच्या मागे लागणाऱ्यांना सरकारी पैसा द्यायचा नाही, असा तो करार. दोन-तृतीयांश सदस्यांची मान्यता मिळायला वेळ लागला आणि १५ सप्टेंबर २०२५ ला तो अमलात आला. प्रमाणाबाहेर वाढलेल्या ताफ्यांना मिळणाऱ्या अनुदानाचं, म्हणजे त्यात डिझेल आलंच, भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. ते आम्ही वर्गात मिटवायचं होतं.

कुणी कुठला देश व्हायचं, त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. भारत आला ऑस्ट्रियाच्या एका मुलीला. मला आला मंगोलिया.

मंगोलियाला समुद्र नाही. देवगडात जन्मलेल्या, दिवसभर डिझेलचा परतावा लिहिणाऱ्या माणसानं चौदा देशांसमोर सांगायचं, की आमच्या देशाचा मासेमारीशी फारसा संबंध येत नाही. आईनं ऐकलं असतं तर बांगडे बंद केले असते.

त्या रात्री वारा होता, होड्या आत होत्या, आणि तांडेलकाका परताव्याची चौकशी करायला थेट माडीवर चढले. मला वाटलं माईक बंद आहे.

"ही कोण?"

"ही भारत."

"आणि तू?"

"मंगोलिया."

काका थोडा वेळ गप्प. "मगे आमच्या डिझेलाचा कोण बोलतला?"

"तीच."

ऑस्ट्रियाची मुलगी खरंच छान बोलत होती. विकसनशील देशांना पंचवीस वर्षांची सवलत द्या, ही भारताची तिथली मागणी तिनं मुद्देसूद मांडली. ती काय म्हणतेय, असं काका विचारायला लागले. घाईत मी एवढंच सांगितलं, "पंचवीस वर्षं मागतेय."

काका मटकन खुर्चीत बसले. "तरीच म्हटलंय, परतावो अजून कसो येवक नाय."

मॅडमनी शांतपणे विचारलं, मंगोलियाच्या शिष्टमंडळात दुसरे कोण आहेत? म्हटलं, सल्लागार. त्यांनी नोंद घेतली. एकमत झालं नाहीच. २०२४ मध्ये अबू धाबीच्या परिषदेतही झालं नव्हतं, त्यामुळे आमचे गुण कापले गेले नाहीत.

नंतर याच विषयावर मोठा निबंध होता. परताव्याच्या वहीबद्दल लिहायला मला कसंसंच वाटलं. बोंबलाचा वास कागदातून जिनिव्हापर्यंत जायचा. म्हणून सगळं भारदस्त लिहिलं, पानोपानी संदर्भ. मॅडमचा शेरा आला तेव्हा मी सोसायटीत खिडकीवर होतो, बाहेर रांग होती. मांडणी चांगली आहे, पण प्रत्यक्ष अनुभवाची उणीव जाणवते. किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमार संस्थेतल्या कर्मचाऱ्याशी बोलता आलं तर पाहा.

दुपारी डबा खाताना पाहिलं बोलून. सदर कर्मचाऱ्यानं मार्चअखेर असल्यामुळे वेळ नाही म्हणून सांगितलं.