घरबसल्या अस्वलतज्ज्ञ व्हा!

ध्रुवीय अस्वलांवर अधिकारवाणीनं बोलायला अभ्यास लागतो, हा माझा गैरसमज परवा दूर झाला. तासगावच्या बेदाणा सौद्यातून दमून घरी आलो, तर भावकीच्या ग्रुपवर आमच्या दादांचा फॉरवर्ड: ‘साठच्या दशकातली पाच हजार अस्वलं आता पंचवीस हजार झाली! हवामानबदल थोतांड!’ खाली अंगठ्यांची रांग. मी चार ओळी लिहिल्या, तर ‘तू लई शिकलास’ म्हणून मोकळे. तेव्हा होतकरू तज्ज्ञांनो, दादांच्या चरणी बसून जे शिकलो ते तुम्हाला देतो.

फॉरवर्ड पूर्ण वाचू नका. वाचला की शंका येते.

आकडा मात्र छातीठोक टाका. पाच हजार कुणी मोजली, हे विचारायचं नाही. साठच्या दशकात धड गणनाच नव्हती, ज्यानं त्यानं अंदाज ठोकलेले. त्यातला लहानात लहान उचलायचा. आजचा २६,००० हाही अंदाजच, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेनं २०१५ साली दिलेला, २२,००० ते ३१,००० च्या मधला. १९७३ साली पाच देशांनी करार करून शिकारीला लगाम घातला, म्हणून काही ठिकाणी जनावर सावरलं, हे तर चुकूनही सांगू नका. बंदुका आवरल्या म्हणून अस्वलं वाढली, यात बर्फ वितळत नसल्याचा पुरावा कुठला आला? कॅनडा नि ग्रीनलंडच्या मधल्या केन बेसिन या समुद्रपट्ट्यातली वाढलेली दिसली ती मात्र जरूर सांगा. तिथला जाड जुना बर्फ पातळ झाल्यानं अस्वलांना तूर्त शिकार सोपी झाली, एवढं गाळून. आणि कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्याचं नाव काढू नका. तिथं १९८७ साली सुमारे १,१८५ होती, २०२१ साली ६१८ उरली. अहो, निम्मी! अस्वलाचं मुख्य खाणं म्हणजे सील हा समुद्रातला प्राणी. तो श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो, तिथं अस्वल दबा धरून बसतं. बर्फच लवकर गेला तर बसणार कुठं? किनाऱ्यावर महिनोन् महिने उपाशी, अंगातल्या चरबीवर. ते काय फॉरवर्ड खाऊन जगणार आहे?

असो. डिसेंबरात सांगलीत हुडहुडी भरली की ‘कुठं गेलं तुमचं वॉर्मिंग?’ असं टाका.

शास्त्रज्ञ विकले गेलेत म्हणा. फॉरवर्डवाला फुकट सांगतो, म्हणजे खरंच असणार.

स्वतःच्या द्राक्षबागेतलं बागेत ठेवा, ग्रुपवर आणू नका. फुलोऱ्यात पाऊस लागून गळकूज झाली, रॅकवरचा बेदाणा अवकाळीनं काळा पडला, तेव्हा ‘पाऊसकाळ पयल्यासारखा राहिला नाही’ असं बांधावर कोण म्हणालं होतं, दादा? तुम्हीच ना?

आता सरळच बोलतो. २०१९ साली सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तुमच्या पोरीला गावभागातल्या घरातून बोटीनं काढली. पूर एकट्या हवामानबदलामुळं आला असं मी म्हणत नाही. धरणांचं पाणी, पूररेषेतली बांधकामं, सगळं आलं त्यात. पण पाऊस कसा कोसळला ते डोळ्यांनी बघूनही तुम्ही थोतांड म्हणता? अस्वलं गेली खड्ड्यात म्हणा हवं तर, पण खोटं कशाला पसरवता? पुतण्यानं नुसतं विचारलं, ‘काका, हा आकडा कुठला?’ तर ॲडमिनपणाच्या जोरावर त्याचा मेसेज उडवलात. नववीतल्या पोराला उत्तर द्यायची धमक नाही, आणि निघालाय शास्त्रज्ञांना खोटं पाडायला!